तिसऱ्या महिन्यानंतर

वजन कमी करायला सुरुवात करणं तितकंसं अवघड नसतं. रक्ततपासणीचा कागद हातात पडतो, मुलीच्या लग्नाची तारीख ठरते, गुढीपाडवा येतो किंवा जिना चढताना धाप लागते, आणि माणूस मनावर घेतो. नवे बूट येतात, चहातली साखर जाते, डब्यात काकडी-गाजर दिसायला लागतं. महिन्याभरात काटा तीन किलो खाली येतो. ऑफिसात कुणीतरी विचारतं, ‘काय हो, काय करताय?’ या दिवसांत उत्साह आपणहून येतो, त्यासाठी कुणाच्या सल्ल्याची गरज पडत नाही.

हा लेख त्यानंतरच्या काळासाठी आहे. तिसरा-चौथा महिना उजाडतो. काटा तीन आठवडे जागचा हलत नाही. कौतुक करणारे आता सरावलेले असतात. तीच काकडी बघूनही नको वाटते आणि सकाळी गजर वाजला की हात आपसूक तो बंद करतो. या टप्प्यावर बहुतेक जण स्वतःबद्दल एकच निकाल देतात: ‘माझ्यात जिद्दच नाही.’ हा निकाल चुकीचा आहे. त्याने नुकसानही होतं, कारण एकदा तो मनाने मान्य केला की पुढचं सगळं सोडून द्यायला कारण मिळतं.

काटा का थांबतो, ते आधी समजून घेऊ. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा वापरला जातो आणि त्याबरोबर पाणीही जातं. पहिल्या पंधरवड्यातल्या घसघशीत आकड्यात त्याचा वाटा मोठा असतो. चरबीचा हिशेब निराळा आहे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरींची तूट नेटाने सांभाळली, तरी आठवड्याला अर्धा किलोसुद्धा चरबी पुरती जात नाही. शिवाय ८० किलोच्या शरीराला चालायला, उठायला, नुसतं जगायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ७२ किलोच्या शरीराला लागत नाही. म्हणजे ज्या जेवणाने तुम्ही पहिल्या महिन्यात उतरत होता, त्याच जेवणावर चौथ्या महिन्यात तुम्ही जिथल्या तिथे राहता. तुमचं काहीही चुकलेलं नसतं.

शरीर याच्याही पुढे जातं. १९४४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे त्याला शोधायचं होतं. हे तरुण स्वखुशीने आले होते. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला साधारण १५७० कॅलरींवर ठेवलं आणि भरपूर चालायला लावलं. त्यांचं वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटलं. पण त्यांच्या मनाचं काय झालं, ते जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे. ते चिडचिडे आणि उदास झाले, कशातही रस घेईनासे झाले. दिवसभर खाण्याचेच विचार चालत. काही जण पाककृतींची पुस्तकं घेऊन वाचत बसत. निवडून घेतलेली, निर्धाराची माणसं होती ती. आणि आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरणारे तक्ते धडधाकट माणसाला हजार-बाराशे कॅलरींवर महिनोन्‌महिने राहायला सांगतात, वर मनोबल वाढवायचा सल्ला देतात! उपाशी शरीरात मनोबल टिकत नाही. तुमचा उत्साह तिसऱ्या महिन्यात संपत असेल, तर पहिली शंका ताटाबद्दल घ्या. ताटात डाळ, उसळ, दही, अंडं, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात पुरेसं आहे का? भाजी वाटीभर आहे की तोंडी लावण्यापुरती? संध्याकाळी सहाला जीव कासावीस होत असेल, तर दुपारचं जेवण अपुरं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

मग कुणाचं ऐकायचं? महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी ‘दीक्षित की दिवेकर’ हा आहारपद्धतींचा वाद घराघरांत रंगला होता. दिवसातून दोनदाच जेवायचं, की थोडं थोडं अनेकदा खायचं, यावर लग्नाच्या पंगतीतही तट पडत. अशा वादांत वेळ घालवू नका, असं मला मनापासून सांगावंसं वाटतं. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्यांना कमी चरबीचा आहार दिला, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा. वर्षाअखेरीला दोन्ही गटांची सरासरी घट पाच ते सहा किलोंच्या आसपास निघाली, फरक नगण्य. मात्र प्रत्येक गटाच्या आत माणसामाणसांत प्रचंड तफावत होती. काहींचं वजन खूप उतरलं, काहींचं वाढलंसुद्धा. तेव्हा पद्धत निवडताना एकच प्रश्न विचारा: पुढच्या गणपतीतही मी असंच जेवत असेन का? ज्या घरात सकाळी पोळी-भाजीचे चार डबे भरावे लागतात, तिथल्या बाईने स्वतःसाठी वेगळं किन्वा शिजवायचं ठरवलं, तर ते जास्तीत जास्त दोन महिने चालेल. त्याच घरात भात एक मूद कमी, आमटी एक वाटी जास्त आणि फोडणीच्या तेलाला मोजून चमचा, हे वर्षानुवर्षं चालू शकतं.

आता मोजमापाबद्दल, कारण मन खचतं ते बहुधा काट्यावरच. शरीराचं वजन एका दिवसात किलो-दीड किलोने सहज मागेपुढे होतं. रात्री पापड-लोणचं खाल्लं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, की आकडा चढतो. त्यातलं काहीही चरबी नसतं. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी चहाच्या आधी वजन करा आणि निकाल महिन्याने लावा. त्याच्या जोडीला कंबर मोजा. शिंप्याकडे असते तसली टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास न ओढता. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात.

कंबरेचा आग्रह का, तर आपली भारतीय अंगकाठी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! हात-पाय बारीक, पण पोटाशी चरबी, ही आपल्यातल्या कितीतरी जणांची ठेवण आहे. त्यामुळे काटा स्थिर असतानाही कंबर दोन सेंटिमीटरने उतरली असेल, तर तुमचं काम चोख चाललंय.

आणि किती उतरायचं? बहुतेकांच्या डोक्यात कॉलेजातलं वजन असतं. तिथपर्यंत पोचायला अजून अठरा किलो उरलेत, या विचारानेच पाय गळतात. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. लक्ष्य होतं वजनाच्या फक्त ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. तेवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ही घट ३१ टक्के होती. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर असाच अभ्यास केला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजन फारसं न उतरताही आहार आणि हालचाल बदलल्याने मधुमेहाचं प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटलं. हे वाक्य कृपया पुन्हा वाचा. काट्याने दाद दिली नाही, तरी शरीराने दिली. म्हणून साखरेचा रिपोर्ट, रक्तदाब, गुडघ्याचं दुखणं, रात्रीची झोप हे सगळं तुमच्या वहीत वजनाच्या शेजारी यायला हवं.

वहीवरून डोंबिवलीच्या माझ्या ओळखीच्या एका बाई आठवतात. सरकारी नोकरी, रोज मुंबईचा प्रवास, घरी सासूबाई आणि दहावीतला मुलगा. सकाळी चालायला जाण्याचा नेम त्यांनी अनेकदा धरला आणि तो अनेकदा मोडला, कारण सकाळ त्यांची नव्हतीच. मग त्यांनी बेत बदलला. संध्याकाळी स्टेशनवर उतरल्यावर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं नाही, घरापर्यंत चालत जायचं. पंचवीस मिनिटं. त्यासाठी ऑफिसात सँडल टेबलाच्या खणात राहतात आणि येता-जाता पायात कॅनव्हासचे बूट असतात. पर्समध्ये भाजलेल्या चण्यांची पुडी असते. ती गाडीत, ठाणं गेलं की उघडायची, कारण रिकाम्या पोटी उतरलं तर स्टेशनबाहेरच्या वड्याच्या वासापुढे कुणाचंच काही चालत नाही, हे त्यांनी ओळखलंय. नोंद ठेवतात ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर. ज्या चौकोनात दुधाचा खाडा मांडलेला असतो, त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात लाल पेनाने ‘चा’ लिहितात, म्हणजे चालले. मी पाहिला तो जुलैचा कागद होता. मुसळधार पावसाच्या दिवसांत ‘चा’ऐवजी ‘जि’ होता. त्या दिवशी त्यांनी इमारतीचा जिना चार वेळा चढून उतरला होता. काही चौकोन कोरे होते. कोऱ्यांचं त्यांना काही वाटत नव्हतं.

मला ही सगळी मांडामांड फार मोलाची वाटते. यात उत्साहावर काहीही अवलंबून ठेवलेलं नाही. बूट पायातच असतात, रस्ता घरचाच असतो, चणे हाताशी असतात. गोष्ट ठरलेल्या जागी, ठरलेल्या खुणेला बांधून ठेवली की ती करायची की नाही, हा रोजचा वाद मिटतो. पीटर गोल्वित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने याच प्रकारच्या बेतांचा अभ्यास केला. ‘मी जास्त चालेन’ या संकल्पापेक्षा ‘स्टेशनवर उतरले की उजवीकडे वळून चालायला लागेन’ हा बेत तडीस जाण्याची शक्यता अधिक असते. तुमच्या दिवसातली अशी एक पक्की खूण शोधा. जेवणानंतरची भांडी आवरली की, मुलाला क्लासला सोडलं की, दुकानाचं शटर अर्धं ओढलं की. आणि ज्या दिवशी अंगात त्राण नसेल, त्या दिवसासाठी एक छोटं रूप ठरवून ठेवा, दहा मिनिटांचं. लहान झालं तरी चालेल.

कोऱ्या चौकोनांबद्दलही सांगायला हवं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी सवयी कशा लागतात, याचा माग घेतला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. म्हणजे एकवीस दिवसांत सवय लागते, ही ऐकीव गोष्ट विसरून जा. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी आहे. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. घात एका दिवसाच्या खाड्याने होत नाही. बारशाच्या जेवणात दोन गुलाबजाम खाल्ले, ‘आता आजचा दिवस गेलाच’ म्हणून रात्री पावभाजी खाल्ली, ‘आता सोमवारपासून बघू’ म्हणून शनिवार-रविवार सोडले, असा तो घात होतो. दोन गुलाबजाम म्हणजे तीनशे-साडेतीनशे कॅलरी. त्यामागून आलेले अडीच दिवस त्याच्या कितीतरी पट महाग पडतात. सोमवारची वाट पाहू नका. पुढचं जेवण हीच तुमची नवी सुरुवात.

आपल्या पंचांगाचाही विचार करायला हवा, कारण वजन कमी करण्याचे परदेशी सल्ले तो कधीच करत नाहीत. श्रावणातले उपास, मग गणपती, गौरीचं जेवण, नवरात्र, कोजागरी, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नापाठोपाठ लगीनसराई. या चार-पाच महिन्यांत वजन घटवण्याचा हट्ट धरला, तर रोज हरल्यासारखं वाटेल. मी तर म्हणेन, या काळात लक्ष्यच बदला: श्रावणात जेवढं वजन होतं, तेवढंच तुळशीच्या लग्नाला असलं की जिंकलो. उकडीचे मोदक चतुर्थीला खा, समाधानाने खा. साजूक तूपही घ्या. पण दिवाळीनंतर पंधरा दिवस येता-जाता डब्यातून मूठभर चिवडा जातो, तो खाण्याचा आनंदही नसतो. तिथे हात आखडा. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन ‘आज काही खाल्लं नाही’ असं समजणं थांबवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि तूप. उपास करायचाच तर राजगिरा, ताक, भगर, फळं यांच्यावर करता येतो.

आग्रहाला तोंड कसं द्यायचं, हा खरा नाजूक भाग. ‘मी डाएटवर आहे’ म्हटलं की पंगतीतले सगळे वकील होतात. ‘एका दिवसाने काय होतंय’पासून ‘तुझ्या आजीने जन्मभर तूप खाल्लं’पर्यंत सगळं ऐकावं लागतं. त्याऐवजी ‘पुरणपोळी फार सुंदर झालीय मावशी, पोट भरलं’ एवढं म्हणा आणि ताटावर हात आडवा धरा. कौतुक मिळालं की वाढणारी व्यक्ती बहुतेक वेळा पुढे सरकते.

काही वेळा मात्र उत्साहाचा काही संबंध नसतो आणि डॉक्टरांकडेच जायला हवं. थायरॉइड मंदावलेलं असेल, पीसीओडी असेल, स्टेरॉइड किंवा काही मानसिक आजारांवरची औषधं चालू असतील, तर वजन हट्टाने बसून राहतं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना स्वतःच्या मनाने जेवण वगळणं धोक्याचं आहे, साखर एकदम खाली जाऊ शकते. हल्ली वजनाच्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती अनेकांना उपयोगी पडतात, त्यात कमीपणा काही नाही. फक्त हे माहीत असू द्या की सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सरासरी दोन तृतीयांश वजन परत आलं, असं अभ्यासात आढळलं. आणि जेवणाचा विचार सतत छळत असेल, खाल्ल्यावर अपराधी वाटून मुद्दाम उलटी करावीशी वाटत असेल, तर वजनाचा बेत बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

शेवटी दोन शब्द घरातल्या इतरांसाठी. तुमच्या घरात कुणी या वाटेवर असेल, तर तिच्या ताटात डोकावू नका. ‘एवढं करूनही उतरत कसं नाही ग?’ हे विचारू नका. नुसतं ‘बारीक झालीस’ म्हणून कौतुकही पुरत नाही, कारण काटा थांबला की ते थांबतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी कुकर तुम्ही लावा, मुलाचा अभ्यास तुम्ही घ्या आणि तिचा तो अर्धा तास मोकळा करून द्या. जमलं तर चपला घालून तुम्हीही तिच्याबरोबर निघा.